रोगजंतूंची उत्क्रांती आणि सार्वजनिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषध लागू न पडणं, फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागणं, साथ ओसरतेय असं वाटत असतानाच नवा प्रकार सापडणं, या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रक्रिया आहे. ती समजली की एरवी जाचक वाटणाऱ्या आरोग्यविषयक नियमांमागचा हिशेब दिसू लागतो. तो हिशेब इथे जमेल तिथे आकड्यांनिशी मांडला आहे. स्वतःच्या उपचारांचे निर्णय मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

रोगजंतू ‘बदलतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

जंतूंची संख्या वाढते तेव्हा त्यांच्या जनुकीय मजकुराची नक्कल होते आणि नकलेत चुका राहून जातात. या चुकांनाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुकांनी काही फरक पडत नाही, बऱ्याच चुका जंतूलाच भोवतात आणि अगदी मोजक्या त्या वेळच्या परिस्थितीत उपयोगी ठरतात. उपयोगी चूक झालेल्या जंतूची संतती जास्त टिकते, म्हणून पुढच्या पिढ्यांत तिचा वाटा वाढत जातो. यात जंतूची इच्छा नसते, योजनाही नसते.

आता आकडे पाहा. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा आहे. पेशी हजार वेळा विभागली तर त्यात साधारण एक नवी चूक होते. हे प्रमाण फार कमी वाटतं. पण अनुकूल परिस्थितीत हा जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे एका पेशीपासून ३० पिढ्यांत, सुमारे १० तासांत, शंभर कोटी पेशी तयार होतात. शंभर कोटी विभाजनांत दहा लाखांच्या आसपास चुका होतात. थोडक्यात, काही मिलिलिटर पोषक द्रवात रातोरात जवळपास प्रत्येक अक्षराची चूक कुठल्या ना कुठल्या पेशीत होऊन गेलेली असते.

म्हणून पुढच्या प्रत्येक प्रश्नात दोनच गोष्टी तपासायच्या आहेत: जंतूंची संख्या किती आहे, आणि त्यांतल्या कोणाला आपण वाट मोकळी करून देतो आहोत.

औषधामुळेच जंतूत प्रतिरोध तयार होतो का?

सहसा नाही. प्रतिरोध म्हणजे औषधाला दाद न देण्याची क्षमता. प्रतिरोधक पेशी औषधाच्या आधीपासूनच तिथे असतात, औषध फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मोकळं रान देतं. हे १९४३ मध्ये साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी दाखवलं. त्यांनी अनेक नळ्यांत थोड्या थोड्या जीवाणूंपासून वेगवेगळी वाढ केली आणि मग त्यांवर जीवाणू मारणारा विषाणू सोडला. विषाणूशी गाठ पडल्यामुळे प्रतिरोध येत असता, तर प्रत्येक नळीत वाचलेल्यांची संख्या सारखीच आली असती. तशी ती आली नाही. बऱ्याच नळ्यांत एकही जीवाणू वाचला नाही, तर एखाद्या नळीत शेकड्यांनी वाचले. त्या नळीत योग्य चूक वाढीच्या सुरुवातीलाच झाली होती आणि तिची संतती वाढत गेली होती. १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडाने एका बशीतल्या वसाहतींचे ठसे दुसऱ्या बशीत उमटवले आणि औषध कधीच न पाहिलेल्या वसाहतींतही प्रतिरोधक पेशी असतात हे सिद्ध केलं.

हा प्रकार डोळ्यांनी बघायचा असेल तर हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब अशा ताटात काळं आगर, म्हणजे जीवाणू वाढवायचा जेलीसारखा पदार्थ, ओतलेलं होतं. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत औषध नव्हतं, पुढच्या पट्ट्यात साधा जीवाणू मरेल इतकं होतं आणि मध्याकडे जाताना प्रत्येक पट्ट्यात ते दसपट वाढत होतं. टोकाला सोडलेले जीवाणू पांढऱ्या थराने पसरत पहिल्या सीमेवर येऊन थबकतात. मग सीमेवरच्या एखाद्या बिंदूतून पंख्यासारखा पांढरा फराटा पुढे सरकतो. ते एकाच उत्परिवर्तित पेशीचं कुटुंब असतं. पुढच्या सीमेवर हेच पुन्हा घडतं. दोन आठवड्यांच्या आत ते हजारपट औषध असलेल्या मधल्या पट्ट्यात पोहोचले. महत्त्वाची गोष्ट अशी की थेट हजारपटीत कोणी उडी मारली नाही, सगळे पायरीपायरीनेच गेले. अपुरी मात्रा धोक्याची का, याचं उत्तर या पायऱ्यांत आहे.

गोवराची लस तीच चालते, मग फ्लूची दरवर्षी का बदलावी लागते?

दोन्ही आरएनए विषाणू आहेत, म्हणजे त्यांचा जनुकीय मजकूर डीएनएऐवजी आरएनएत असतो, आणि दोघांच्याही नकला चुकांनी भरलेल्या असतात, कारण नक्कल तपासून दुरुस्त करणारी सोय त्यांच्याकडे नसते. फरक आहे तो कोणती चूक खपते यात. गोवराच्या विषाणूचं पेशीला चिकटणारं प्रथिन फारसा बदल सोसत नाही. शिवाय लशीमुळे शरीरात तयार झालेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्याला अनेक जागी पकडतात, त्यामुळे एकदोन अक्षरं बदलून सुटका होत नाही. म्हणून १९५४ मध्ये रुग्णापासून वेगळ्या केलेल्या एडमन्स्टन वाणापासून बनलेल्या लशी आजही काम देतात.

फ्लूच्या विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन मात्र लवचीक आहे. त्याच्या टोकाकडची अक्षरं बदलली तरी ते पेशीला चिकटतं आणि जुने प्रतिपिंड त्याला नीट ओळखत नाहीत. हा झाला हळूहळू होणारा बदल. दुसरा बदल एकदम होतो. फ्लूचा जनुकीय मजकूर आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन भलताच विषाणू बाहेर पडू शकतो. १९५७, १९६८ आणि २००९ च्या जागतिक साथींचे विषाणू असेच तयार झाले.

लशीत कोणते वाण घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात. उत्पादनाला सहा महिने लागतात आणि तेवढ्या काळात विषाणू पुढे सरकू शकतो. एखाद्या वर्षी लस कमी जुळते ती यामुळे. तशातही ती गंभीर आजारापासून बऱ्यापैकी वाचवते, म्हणून ‘यंदा जुळली नाही’ असं ऐकून ती टाळणं चुकीचं आहे.

कोरोनाविषाणू या दोघांपेक्षा वेगळा आहे. सुमारे ३०,००० अक्षरांचा मजकूर सांभाळण्यासाठी त्याच्याकडे चुका दुरुस्त करणारं विकर (एन्झाइम) आहे. तरीही कोविडच्या विषाणूत महिन्याला साधारण दोन बदल साचत गेले, कारण तो एकाच वेळी कोट्यवधी लोकांत वाढत होता. संख्येपुढे दुरुस्तीही अपुरी पडते.

जीवाणू औषधाला दाद देत नाही, तेव्हा तो नेमकं काय करतो?

चार वाटा नेहमीच्या आहेत. औषधाचा रेणू तोडणारं विकर बनवणं, औषध आत आलं की पंपाने बाहेर फेकणं, ते आत येण्याची दारं कमी करणं, आणि औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलणं. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराची नोंद १९४० मध्ये, म्हणजे ते औषध सर्रास वापरात येण्याआधीच, झाली होती. यात आश्चर्य नाही. बरीच अँटिबायोटिक्स मुळात मातीतल्या सूक्ष्मजीवांची रसायनं आहेत आणि त्यांवरचे तोडगेही तितकेच जुने आहेत.

खरी अडचण अशी की जीवाणूला स्वतःच्या चुकीची वाट पाहावी लागत नाही. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर प्रतिरोधाची जनुकं असतात आणि शेजारच्या जीवाणूला, प्रसंगी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही, ती जशीच्या तशी देता येतात. एका प्लाझ्मिडवर पाचसहा औषधांविरुद्धची जनुकं असू शकतात. त्यांतलं कोणतंही एक औषध वापरलं तरी सगळीच जनुकं टिकून राहतात. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध घ्या. त्याला विरोध करणारं एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याची नोंद २०१५ मध्ये चीनमधून झाली, आणि तिथे हे औषध डुकरांच्या खाद्यात वापरलं जात होतं. जनावरांच्या खाद्यातल्या अँटिबायोटिकवर निर्बंध का मागितले जातात ते यावरून कळावं. युरोपीय संघाने वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सवर २००६ पासून पूर्ण बंदी घातली आहे.

क्षयरोगात एकदम चार औषधं का देतात?

क्षयरोगाच्या जंतूची प्लाझ्मिडवाटे देवाणघेवाण चालत नाही. त्याचा प्रतिरोध स्वतःच्या चुकांतूनच येतो, त्यामुळे हिशेब स्वच्छ मांडता येतो. आयसोनायझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असतात. म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच आयसोनायझिडला न दबणारे शंभरेक आणि रिफाम्पिसिनला न दबणारा एखादा जंतू तिथे हजर असतो. दोन्हींना पुरून उरणारा सापडण्याची शक्यता मात्र एक कोटी गुणिले एक कोटी, इतक्यांत एक. एवढे जंतू कोणाच्याही शरीरात नसतात.

आता एकच औषध दिलं तर काय होतं ते पाहा. रुग्णाला पहिले काही आठवडे बरं वाटतं, कारण बहुतेक जंतू मरतात. उरलेले शंभर जंतू वाढत पुन्हा दहा कोटींवर जातात आणि आता ते सगळेच आयसोनायझिडला न दबणारे असतात. त्यांच्यात रिफाम्पिसिनला न जुमानणारा एक आपोआप तयार झालेला असतो. या वेळी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून रिफाम्पिसिन एकट्याने जोडलं, तर दोन्ही औषधांना न दबणारा, म्हणजे बहुऔषध-प्रतिरोधक क्षय आपणच घडवलेला असतो. म्हणून फसत चाललेल्या उपचारात एकच नवं औषध कधीही जोडायचं नाही, हा क्षयरोगातला पहिला नियम आहे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन एकटं दिलं गेलं तेव्हा हाच अनुभव आला आणि त्यातूनच एकत्र औषधांची पद्धत रूढ झाली.

औषधांना दबणाऱ्या क्षयाचा प्रचलित उपचार असा आहे: पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, मग चार महिने आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन. हा उपचार तीन ठिकाणी बिघडतो. दोन महिन्यांनी खोकला थांबतो, वजन वाढतं आणि गोळ्या सुटतात. सुट्या गोळ्यांतली त्रास देणारी तेवढी एक गोळी रुग्ण बाजूला ठेवतो आणि नकळत एकऔषधी उपचार सुरू होतो. हे टाळण्यासाठीच सगळी औषधं एकाच गोळीत देतात. तिसरं म्हणजे जंतू आधीच एखाद्या औषधाला दाद न देणारा असतो आणि कोणी तपासलेलं नसतं. म्हणून सुरुवातीलाच थुंकीच्या नमुन्याची जनुकीय चाचणी करून निदान रिफाम्पिसिनचा प्रतिरोध तरी पाहायला हवा.

एचआयव्हीतही हाच हिशेब लागू होतो. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं एझेडटी एकट्याने दिलं की काही महिन्यांत निष्प्रभ व्हायचं. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं आणि या आजाराचं रूपच पालटलं.

मग ‘अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला सगळीकडे लागू आहे का?

क्षय, एचआयव्ही आणि मलेरिया यांत निःसंशय लागू आहे. साध्या जीवाणू संसर्गांत चित्र बदललं आहे. अनेक चाचण्यांत कमी दिवसांचे उपचार तितकेच परिणामकारक ठरले. उदाहरणार्थ, प्रकृती स्थिर होत असलेल्या प्रौढांच्या न्यूमोनियात बहुधा पाच दिवस पुरतात. इथे जास्त दिवस औषध घेण्याचा तोटा असा की आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या निरुपद्रवी जीवाणूंत प्रतिरोधकांची निवड होत राहते. म्हणून कमीत कमी पुरेसे दिवस लिहून देणं हे डॉक्टरचं काम आणि लिहिलेले दिवस पाळणं हे रुग्णाचं. बरं वाटल्यावर लवकर थांबावं का, हे फोन करून विचारा, परस्पर ठरवू नका. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका आणि दुसऱ्याला देऊ नका.

सर्दीत अँटिबायोटिक घेतलं तर नुकसान काय? फार तर उपयोग होणार नाही ना?

नुकसान होतं. सर्दीचा विषाणू जसाच्या तसा राहतो, पण शरीरातल्या लाखो कोटी जीवाणूंवर औषधाचा मारा होतो. उपचारांनंतर प्रतिरोधक जीवाणू सापडण्याचं प्रमाण पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतं आणि हा परिणाम वर्षभरही रेंगाळू शकतो. त्याच काळात मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर नेहमीचं औषध चालेलच असं नाही. हे जीवाणू घरातल्या इतरांकडेही जातात.

कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

आधी तो तयार कसा होतो ते समजून घ्या. रुग्णाच्या नमुन्यातून जीवाणू वेगळा करतात आणि सलाइनमध्ये त्याचा ठरावीक गढूळपणाचा द्रव बनवतात. त्या गढूळपणाला ०.५ मॅकफारलंड म्हणतात, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जीवाणू. १५ मिनिटांच्या आत तो ४ मिलिमीटर जाडीच्या म्यूलर-हिंटन आगरवर पसरतात, औषधाच्या चकत्या ठेवतात आणि ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवून चकतीभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजतात. यात थोडीशी ढिलाई झाली तरी निकाल बदलतो. आगर जाड झालं किंवा द्रव जास्त गढूळ झाला तर वर्तुळ लहान येतं आणि चालणारं औषध ‘चालत नाही’ असं दिसतं. आगर पातळ झालं तर उलटं होतं. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा माहीत असलेला प्रमाणित वाण नियमित सोबत लावतात.

रिपोर्टवर एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. आय या अक्षराचा युरोपीय मानकांत २०१९ पासून अर्थ ‘मात्रा वाढवली तर चालेल’ असा आहे. एमआयसीचा आकडा म्हणजे वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण. सगळ्यात मोठी गफलत इथे होते: दोन औषधांचे एमआयसी शेजारी ठेवून लहान आकड्याचं औषध चांगलं समजलं जातं. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे ही तुलना निरर्थक आहे.

नमुना नेहमी अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. आणखी एक गोष्ट. लक्षणं नसताना लघवीत जीवाणू सापडले म्हणून उपचार लागतातच असं नाही. गर्भारपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया हे त्यातले मुख्य अपवाद.

एखादं औषध वापरणं थांबवलं की प्रतिरोध जातो का?

कधी जातो, कधी नाही. फिनलंडमध्ये एरिथ्रोमायसिनच्या गटातल्या औषधांचा वापर कमी केल्यावर घशातल्या अ-गट स्ट्रेप्टोकॉकसमधलं प्रतिरोधाचं प्रमाण १९९२ मधल्या १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आलं. याउलट ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फोनामाइडचा वापर जवळपास थांबला, तरी ई. कोलायमधलं प्रमाण १९९१ मध्ये सुमारे ४० टक्के होतं ते १९९९ मध्ये ४६ टक्के झालं.

प्रतिरोधाची किंमत जंतूला मोजावी लागते, तो थोडा मंद वाढतो, म्हणून औषध नसताना मागे पडायला हवा. पण पुढे आणखी एखादा बदल होऊन ती कसर भरून निघते. शिवाय ते जनुक अजून वापरात असलेल्या औषधांविरुद्धच्या जनुकांबरोबर एकाच प्लाझ्मिडवर असेल, तर त्यांच्या आधाराने तेही टिकतं. त्यामुळे ‘औषध आज हवं तसं वापरू, बिघडलं तर थांबवू’ हे धोरण फसवं आहे. प्रतिरोध वाढायला लागण्याआधीच वापर आवरणं हाच भरवशाचा मार्ग.

काळाबरोबर विषाणू सौम्य होतात, हे खरं का?

असा नियम नाही. निवड होते ती पसरण्याच्या क्षमतेची. सौम्यपणाने पसरणं वाढत असेल तरच सौम्यपणा वाढतो. ऑस्ट्रेलियात १९५० मध्ये सशांना आवरण्यासाठी मिक्सोमा विषाणू सोडला, तेव्हा लागण झालेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ससे मरत. थोड्याच वर्षांत किंचित कमी मारक वाणांनी जम बसवला, कारण ससा जास्त दिवस जगला तर डासांना त्याला चावायला जास्त दिवस मिळत. फार सौम्य वाण मात्र मागे पडले, कारण त्यांच्यात सशाच्या कातडीत पुरेसे विषाणू नसत. जिंकलेले वाणही बहुतांश सशांना मारतच होते. पुढे ससेच काटक झाले आणि त्यांच्याशी टक्कर देताना विषाणूची मारकता पुन्हा वाढली.

कोविडमध्ये बहुतेक प्रसार आजार गंभीर होण्याआधीच होत असे. त्यामुळे रुग्णाचं पुढे काय होतं याने विषाणूच्या पसरण्यावर फारसा फरक पडत नव्हता. डेल्टा आधीच्या प्रकारांपेक्षा जास्त गंभीर होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेला ओमायक्रॉन डेल्टाचा वंशजच नव्हता, आणि तो सौम्य वाटण्यात लशी व आधीच्या संसर्गातून आलेल्या प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा होता. क्षय आणि रेबीज हजारो वर्षं माणसासोबत आहेत, तरी सौम्य झालेले नाहीत.

लशीलाही जंतू पुरून उरतात का?

उरतात, पण औषधांच्या मानाने फार क्वचित. एक तर लस आधीच दिलेली असते, त्यामुळे जंतू शरीरात शिरतो तेव्हा त्यांची संख्या थोडी असते. औषध देईपर्यंत ती कोट्यवधींवर गेलेली असते. दुसरं, प्रतिकारशक्ती एकाच वेळी अनेक जागी मारा करते. देवीच्या विषाणूला लशीतून वाट सापडली नाही आणि १९८० मध्ये त्याचं निर्मूलन जाहीर झालं.

न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस या जीवाणूचं उदाहरण वेगळं आहे. त्याच्या कवचाचे सुमारे १०० प्रकार आहेत आणि २००० साली आलेल्या लशीत त्यांतले सातच होते. ते मागे हटले आणि रिकाम्या जागेत १९ए हा प्रकार वाढला. २०१० च्या १३ प्रकारांच्या लशीत तो घेतला गेला. हे जागा भरून निघणं चालू असूनही लहान मुलांमधला गंभीर आजार एकूण खूप घटला, त्यामुळे ही लस फसली असं म्हणता येत नाही.

पोलिओच्या लशीपासूनच पोलिओ होतो, असं का म्हणतात?

तोंडावाटे द्यायच्या थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या बहुतेक मुलांनी डोस घेतले असतील तर तिथेच थांबतो. लसीकरण अपुरं असेल तर तो मुलामुलांत महिनोन्‌महिने फिरत राहतो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. त्यांतल्या टाइप २ चा दुबळेपणा प्रामुख्याने मोजक्या अक्षरांवर टिकून होता आणि ती लवकर पालटतात. विषाणूच्या मजकुरातल्या व्हीपी१ नावाच्या भागात वर्षाला सुमारे एक टक्का अक्षरं बदलतात. त्यामुळे सुमारे ९०० अक्षरांच्या त्या भागात किती बदल साचले यावरून विषाणू किती काळ फिरतोय याचा अंदाज बांधता येतो. टाइप २ मध्ये सहा किंवा अधिक बदल दिसले की त्याला लसजन्य पोलिओविषाणू धरतात.

म्हणून एप्रिल २०१६ मध्ये नेहमीच्या थेंबांतून टाइप २ काढला गेला आणि मार्च २०२१ पासून साथींमध्ये सहजासहजी न पालटणारी नवी टाइप २ लस वापरली जाऊ लागली. इंजेक्शनच्या लशीत विषाणू मृत असल्याने हा धोका नाही. साथ आलीच तर ती थांबवायचा उपाय लसीकरण वाढवणं हाच आहे, कमी करणं नव्हे.

जंतू चाचणीलाही चकवू शकतात का?

हो, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. स्वीडनमध्ये २००६ मध्ये क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जीवाणूचा एक वाण सापडला. त्याच्या प्लाझ्मिडमधली ३७७ अक्षरं गळली होती आणि प्रचलित चाचण्यांपैकी काही नेमक्या त्याच भागावर आधारलेल्या होत्या. अहवाल निगेटिव्ह येत, उपचार होत नसत आणि वाण पसरत राही. सुगावा लागला तो एका भागात रुग्णसंख्या अकारण घटल्यामुळे. मलेरियाच्या झटपट चाचण्या एचआरपी२ हे प्रथिन शोधतात. ते जनुकच गमावलेले परजीवी २०१० मध्ये पेरूमधून नोंदले गेले आणि नंतर इतरत्रही सापडले. अशा चुकीच्या निगेटिव्हचं प्रमाण पाच टक्क्यांवर गेलं की वेगळी चाचणी वापरावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यावर इलाज म्हणजे एका चाचणीत दोनतीन वेगवेगळे भाग शोधणं. त्याचा अनपेक्षित फायदाही होतो. कोविडच्या अल्फा प्रकारात तीनपैकी एक भाग सापडेनासा व्हायचा आणि त्यावरूनच त्याचा फैलाव मोजता आला. प्रयोगशाळेत पॉझिटिव्हचं प्रमाण अचानक घटलं तर आनंद मानण्याआधी दुसऱ्या पद्धतीने काही नमुने पडताळून पाहावेत.

जनुकीय क्रमवाचनातून प्रत्यक्षात काय कळतं?

क्रमवाचन म्हणजे जंतूचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचणं. त्यातून कोणाकडून कोणाला लागण झाली असावी, हे बऱ्याच अंशी कळतं. क्षयाच्या जंतूचा मजकूर ४४ लाख अक्षरांचा असून त्यात दोन वर्षांत साधारण एक बदल होतो. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असेल तर त्यांच्यातली लागण अलीकडची असण्याची शक्यता बरीच असते. बारापेक्षा जास्त फरक असेल तर थेट संबंध जवळपास नाकारता येतो. मात्र लागणीची दिशा एकट्या क्रमावरून ठरत नाही, त्यासाठी भेटीगाठी आणि तारखांची माहितीही लागते. सांडपाण्याचे नमुने तपासले तर दवाखान्यात न गेलेल्यांचाही अंदाज येतो. मोठा दोष नमुने निवडण्यात असतो. फक्त रुग्णालयातल्या गंभीर रुग्णांचे नमुने वाचले तर प्रत्येक नवा प्रकार गंभीरच दिसणार.

प्राण्यांतला विषाणू माणसात येऊन स्थिरावतो तो कसा?

बहुतेक वेळा स्थिरावत नाही. पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू पेशीवरच्या ज्या शर्करेला चिकटतो, तिची जोडणी माणसाच्या वरच्या श्वसनमार्गातल्या शर्करेपेक्षा वेगळी असते. तो माणसात जाऊ शकतो, पण पुढे पसरणं त्याला अवघड जातं. तरी प्रत्येक लागण ही बदलाची नवी संधी असते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत एच५एन१ हा पक्ष्यांचा फ्लू सापडल्यावर काळजी वाटली ती यामुळेच. दूध पाश्चराइज करणं किंवा उकळणं, आजारी वा मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवणं आणि अशा जागी काम करणाऱ्यांनी नेहमीच्या फ्लूची लस घेणं, हे उपाय साधे आहेत. शेवटच्या उपायामागे आठ तुकड्यांचा हिशेब आहे: एकाच माणसात दोन फ्लू एकत्र येऊ नयेत.

बुरशीतही असा प्रतिरोध येतो का?

येतो. आणि बुरशीविरोधी औषधांचे गट मोजकेच असल्याने तो जास्त जाचतो. ॲस्परजिलसमध्ये ॲझोल औषधांना होणारा एक प्रतिरोध शेतात त्याच गटातली बुरशीनाशकं फवारल्याने वाढला आहे, त्यामुळे ॲझोल कधीच न घेतलेल्या रुग्णांतही तो सापडतो. २००९ मध्ये प्रथम वर्णन झालेली कँडिडा ऑरिस पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकते आणि काही नेहमीच्या जंतुनाशकांना पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे रुग्णालयांनी तिच्यावर चालणारं जंतुनाशक मुद्दाम निवडावं लागतं.

साबण आणि सॅनिटायझरमुळे प्रतिरोध वाढतो का?

साध्या साबणाने नाही, तो जंतू धुऊन काढतो. निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर पेशीची आवरणं आणि प्रथिनं एकदमच मोडतं, त्यामुळे तेही सुरक्षित आहे. पातळ केलेलं मात्र वापरू नका. ट्रायक्लोसानसारखी ‘जंतुनाशक’ रसायनं वेगळी. ती एका ठरावीक विकरावर काम करतात आणि त्याला प्रतिरोध येतो. अमेरिकेने २०१६ मध्ये घरगुती हात धुण्याच्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली.

‘नवा प्रकार सापडला’ अशी बातमी आली की काय पाहावं?

बदलांची संख्या बाजूला ठेवा, ती एकटी काही सांगत नाही. त्याचा वाटा एकाहून अधिक ठिकाणी वाढतोय का ते बघा. एकाच गावात वाढणं हा निव्वळ योगायोग किंवा एखाद्या मोठ्या जमावाचा परिणाम असू शकतो. मग त्याच वयाच्या आणि लसीकरणाची तीच स्थिती असलेल्या लोकांत रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण आधीपेक्षा वेगळं आहे का ते पाहा. ही माहिती यायला काही आठवडे लागतात, कारण लागण आणि भरती यांत अंतर असतं. प्रतिपिंडांचे प्रयोगशाळेतले आकडे आधी येतात आणि ते बहुधा जास्त भीतिदायक असतात. गंभीर आजारापासून रोखण्यात लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशींचाही वाटा असतो आणि त्या प्रयोगांत त्या मोजलेल्या नसतात. तुमची चाचणी आणि तुमचं औषध त्या प्रकारावर चालतं का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आणि नियमित लशीचा डोस राहिला असेल तर पुढच्या बातमीची वाट न पाहता तो घेऊन टाका.